दोनच लाकडं

माझा नवरा ग्लेन मट्टिला चव्वेचाळीस वर्षं लोकांच्या घरात लाकडाच्या शेगड्या बसवतो आणि धुराडी साफ करतो. त्यानं बसवलेल्या धुराड्यामुळं आजवर एकही घर पेटलेलं नाही. हे तो स्वतः सांगत नाही. तो काहीच सांगत नाही. पण हॅनकॉकच्या बाजारापासून थेट सुपीरियर सरोवराच्या काठापर्यंत बाकीचे सगळे सांगतात, आणि त्या सांगण्यावरच आमची चूल पेटते.

मी डेट्रॉइटची, पोलिश घरातली. आमच्याकडं जेवायच्या टेबलावर चौघं एकदम बोलायची आणि ऐकायचं कुणीच नाही. लग्न करून इकडं वर उत्तरेला आले तर सगळी फिनिश वस्ती. सासरी पहिल्या रविवारी दोन तासांत तीन वाक्यं झाली, त्यातली दोन माझी. सासऱ्यांना मी आवडले होते हे मला अकरा वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या शेजाऱ्याकडून. माणसं भली आहेत. बर्फात रुतलेली गाडी ओढून काढतील, न सांगता सरपण फोडून देतील, पण तोंड उघडायची वेळ आली की मूग गिळून बसतात. चाळीस वर्षं मी या सवयीची चेष्टा करत आले. आयली हुहताच्या घरी मला त्या सवयीचा संताप आला, आणि त्याच दिवशी आपल्या चेष्टेची लाजही वाटली.

ग्लेनचा उजवा खांदा गेल्यापासून शिडी मी धरते, गाडी मी चालवते आणि गिऱ्हाइकांशी बोलतेही मीच. तेव्हा पुढं सांगते ते ऐकीव नाही.

ग्लेनचे वडील साऊना बांधायचे. घरामागं लाकडी खोली, आत दगड रचलेली शेगडी, शनिवारी सगळ्यांनी घाम काढायचा. त्यांचं एकच सूत्र होतं: फट दिसली की बुजव. ऊब म्हणजे कमाई, ती बाहेर जाता कामा नये. ग्लेन त्यांच्या हाताखाली वाढला. अजूनही दुसऱ्याच्या घरी जेवायला बसला तरी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवतो. कामावर गेला की आधी हत्यारं काढत नाही. भिंतीवर तळहात टेकवून उभा राहतो आणि वाट बघतो. डॉक्टरसुद्धा नाडीला इतका वेळ देत नाहीत. त्याची जीभ सुटते ती फक्त दुसऱ्यानं केलेलं वेडंवाकडं काम दिसलं की.

“हे कुठल्या गाढवानं लावलंय?” तो विचारतो.

“मीच लावलंय,” घरमालक म्हणतो.

“बरं,” ग्लेन म्हणतो, आणि काढायला लागतो.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ना, ते त्याला फार लांबून दिसायचं. मुसळाचं आता सांगते.

आयली हुहता तेव्हा ऐंशीची होती. नवरा रूडी सुतार, तो त्याआधी सहा वर्षं गेलेला. घर त्यानं स्वतः बांधलेलं, एकोणऐंशी साली. त्या काळी सगळ्यांना दिवाणखान्यात फायरप्लेस हवी होती, आणि कारखान्यातून तयार पत्र्याची पेटी यायची. पेटी भिंतीत बसवायची, वर पत्र्याचं धुराडं जोडायचं, पुढून नकली दगड चिकटवायचे. दिसायला मासिकातल्या चित्रासारखी. ऊब मात्र सगळी धुराड्यातून आभाळाला. ती पेटी बसवली होती एकवीस वर्षांच्या ग्लेननं. ते त्याचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम.

फेब्रुवारीतल्या वादळात चार दिवस वीज नव्हती. घर तापवायला गॅसची भट्टी होती, पण ऊब घरभर फिरवणाऱ्या विजेच्या पंख्याशिवाय भट्टी काय कामाची? आयलीनं फायरप्लेस पेटवून पाहिली, घर गारच राहिलं. मग ती उशी-पांघरूण घेऊन मागच्या साऊनात राहायला गेली. शेगडीवर कॉफी, दगडांवर फॉइलमध्ये गुंडाळलेले बटाटे. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. मुलीला वाटलं. करेन ग्रँड रॅपिड्सहून आली आणि तिनं स्पष्ट सांगितलं: बर्फ पडायच्या आत घर विजेशिवाय गरम राहील अशी सोय कर, नाहीतर सामान बांध, तू माझ्याकडं येणार.

म्हणून सप्टेंबरात आम्ही आयलीच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. वेलदोडा घातलेला गोड पाव, कॉफी. इथं कॉफी तीन कप प्यायची असते. एकच कप मिळाला तर समजायचं, आपण नकोसे आहोत.

“त्या पेटीतच नवी शेगडी सरकव आणि मोकळा हो,” आयली म्हणाली.

“नाही,” ग्लेन म्हणाला.

मी पुढं सांगितलं, “ते पत्र्याचं धुराडं नव्या शेगडीला चालत नाही, आयली. सगळं काढावं लागेल. दगड, पेटी, वरपर्यंतचं धुराडं. मग जाड आवरणाचं नवं धुराडं, आणि काचेच्या दाराची बंद शेगडी. संध्याकाळी भरली की सकाळपर्यंत निखारे राहतात.”

“काढा. मला त्या दगडांचं तोंड बघायचं नाही. पस्तीस वर्षं त्या कवडीचुंबकानं मला त्यात धड जाळ करू दिला नाही. ‘दोनच लाकडं, आयली.’ नाताळ असो, पाहुणे असोत, दोनच लाकडं! कोठारात पाच वर्षांचं सरपण रचलेलं, आणि मी स्वेटरवर स्वेटर घालून बसलेली. सत्त्याऐंशी साली तर मी भांडून डुलुथला बहिणीकडं गेले. अख्खा हिवाळा तिकडं काढला. करेन सहावीत होती, तिलाही घेऊन गेले.”

“रूडी न्यायला आला नाही?” मी विचारलं.

“आला, एप्रिलमध्ये. म्हणाला, बर्फ वितळलं.” तिनं दुसरा कप ओतला. “आणि दर ऑक्टोबरला थंडीचे कोट काढायला म्हणून निजायच्या खोलीतल्या कपाटात शिरायचा, तो अर्धा तास बाहेर यायचा नाही. तिथं बाटली लपवलीय अशी मला खात्री होती. मी शोधली. मिळाली नाही. दारू लपवण्यातसुद्धा चिक्कू!”

मी पोट धरून हसले. ग्लेन कपात बघत होता. मला वाटलं, नेहमीसारखा गप्प आहे.

काम आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू केलं. दगड पटापट निघाले, पत्र्याची पेटी ओढून अंगणात टाकली. दुपारी ग्लेन भिंतीची मागची बाजू बघायला निजायच्या खोलीतल्या त्या कपाटात शिरला. कोट बाजूला केले. कपाटाची मागची फळी चार स्क्रूंवर होती, आणि त्या स्क्रूंची डोकी वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

थोड्या वेळानं त्याची हाक आली, “बेव्ह. इकडं ये.”

मी कोटांमधून आत डोकं घातलं. त्याच्या हातात बॅटरी होती. फळीमागं भिंतीचा उभा वासा होता आणि त्याला लागून धुराडं वर गेलेलं. वासा वरून काळा पडला होता, कोळशासारखा. काळ्यात एक खिळा होता. त्याच्याखाली दीड वीत अंतरावर, अजून कोऱ्या असलेल्या लाकडावर, सुताराच्या जाड पेन्सिलीनं आकडे लिहिले होते. ८२. त्याखाली ८३. मग ८४, ८५, एकाखाली एक, सरळ ओळीत, थेट १६ पर्यंत. रूडी सतराच्या वसंतात गेला.

“काय आहे हे?” मी विचारलं.

ग्लेन खाली कपाटातच बसला. आयलीच्या बुटांच्या खोक्यावर. मग तो बोलला, आणि आमच्या लग्नाच्या आयुष्यात तो सलग इतका कधी बोललेला मला आठवत नाही.

“या धुराड्याभोवती दोन बोटं मोकळी जागा सोडायची असते. हवा खेळायला पाहिजे. मी ती बुजवली होती. ऊब अडवायला भिंतीत घालतात ती काचेची लोकर ठासून भरली होती. बाबांनी शिकवलं होतं, फट दिसली की बुजव. मला वाटलं, मी जास्तीचं चांगलं काम करतोय.”

“आणि?”

“एक्क्याऐंशीला मिलवॉकीला शिकायला पाठवलं होतं ना, तिथं कळलं. उष्णता कोंडते, लाकूड आतल्या आत शिजतं. तोवर मी तीन घरांत तसं केलं होतं. परत आलो तसा तिन्ही घरी गेलो. दोघांकडची लोकर काढली, लाकूड चांगलं होतं. इथं रूडी दारातच भेटला. म्हणाला, ‘लोकर मी काढली, ग्लेन. बघितलंय मी. ठीक आहे सगळं.’ मला आत घेतलं नाही. अंगणातच उभं केलं.”

“तू आत गेला नाहीस?”

“मला ते खरं हवं होतं, बेव्ह. म्हणून खरं मानलं.”

मग त्यानं बॅटरी वर धरली आणि मला समजावलं. एकदा असं शिजलेलं लाकूड पुढं थोड्या उष्णतेनंही पेट घेतं. रूडीला सुतार म्हणून ते ठाऊक होतं. काळं जिथवर आलं तिथं त्यानं खिळा मारला, आणि दर ऑक्टोबरला फळी काढून बघितलं. काळं खिळ्याच्या पुढं गेलं नाही की साल लिहायचं. पुढं जाऊ नये म्हणून जाळ लहान. दोनच लाकडं.

“वासा का नाही बदलला त्यानं? सुतार होता ना?”

“धुराडं काढल्याशिवाय वासा निघत नाही. धुराडं काढलं असतं तर कुणी लावलं होतं ते गावभर झालं असतं. मी तेव्हा तेवीसचा होतो. मला कोणी पुन्हा बोलावलं असतं का?”

मला रूडीचा असा राग आला म्हणता! चांगुलपणा कसला हा? घरात बायको आहे, लेकरू आहे, आणि हा बाबा एका पोराचं नाव खराब होऊ नये म्हणून पस्तीस वर्षं विस्तवावर पहारा देत बसतो. बायकोला सांगायला काय झालं होतं? पण सांगितलं असतं तर आयलीनं पोटात ठेवलं नसतं, हेही मला माहीत आहे. रागाच्या मागोमाग डोळे भरून आले. ते सगळे आकडे आमच्या संसाराचे होते. चौऱ्याऐंशी आमचं लग्न. अठ्ठ्याऐंशी घर घेतलं. आम्ही जेवत होतो ते रूडीच्या गप्प बसण्यावर.

तेवढ्यात माझं लक्ष पुन्हा त्या खिळ्याकडं गेलं. काळं खिळ्यापाशी थांबलेलं नव्हतं. ते खिळ्याच्या चार बोटं खाली उतरलं होतं, आणि त्याच्याखालचं लाकूड तांबूस पडत पडत ८२ च्या आकड्यापर्यंत आलं होतं.

“फेब्रुवारी,” ग्लेन म्हणाला. “वादळात तिनं पेटवली होती.”

आता मी काय म्हणाले ते लपवत नाही. मी म्हणाले, “वासा काप, नवा घाल, फळी मार. उद्या हे सगळं भिंतीआड जाईल. माणूस गेला, धोका गेला. तिला सांगून काय मिळणार? आणि आयलीला कळलं की रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना कळणार.” आयुष्यभर बोलत आलेली बाई मी, आणि त्या दिवशी मीच त्याला झाकली मूठ झाकलेली ठेव म्हणून सांगत होते.

ग्लेननं पँटवरची धूळ झटकली. “ती त्याला चिक्कू म्हणते,” तो म्हणाला, आणि स्वयंपाकघरात गेला.

आयली पाव कापत होती. ग्लेन दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“आयली, फायरप्लेस मी चुकीची बसवली होती. तुमच्या भिंतीतलं लाकूड जळालंय. रूडीला माहीत होतं. त्यानं मला वाचवलं. म्हणून दोनच लाकडं.”

एवढंच. पाच वाक्यं. आयलीनं सुरी खाली ठेवली, चष्मा घातला आणि कपाटाकडं गेली. गुडघ्यांवर बसायला तिला वेळ लागला, पण माझा हात तिनं घेतला नाही. आकड्यांवरून तिनं बोट खाली खाली नेलं. एका ठिकाणी थांबली.

“सत्त्याऐंशी,” ती म्हणाली. “मी डुलुथला होते. घरात कुणी नव्हतं, तरी बघितलं मेल्यानं.”

नंतर तिनं काळ्यावर बोट ठेवलं. “आणि हे? खिळ्याच्या खालचं?”

“वादळातलं,” ग्लेन म्हणाला. “किती लाकडं घातली होती?”

“आठ. म्हटलं, आता कोण अडवतंय. जळका वास आला, पण मला वाटलं धूळ जळतेय. ऊब काही येईना म्हणून वैतागून साऊनात गेले.” तिनं बोटाला लागलेला कोळसा एप्रनला पुसला. “ऊब आली असती तर बसले असते आणखी आठ घालून.”

ती उठली आणि ग्लेनकडं वळली. “तू एवढ्या वर्षांत एकदा तरी यायचं होतंस बघायला. आत यायचं होतंस.”

“हो,” ग्लेन म्हणाला.

“पस्तीस वर्षं मी त्या माणसाला चारचौघांत चिक्कू म्हटलं. त्याच्या अंत्यदर्शनाला आलेल्यांनासुद्धा सांगितलं. आता मी कुणावर रागावू, तुझ्यावर की त्याच्यावर की माझ्यावर?”

आयली खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी कॉफी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आम्ही घरून थर्मास नेला आणि गाडीत बसून प्यायलो. ग्लेननं वासा बदलला, जागा सोडली, दोनदा मोजली, मग मला मोजायला लावली. आयली येता-जाता एकच वाक्य बोलली: “आकड्यांचं लाकूड टाकायचं नाही.” त्यानं काळा भाग कापून खालची आकड्यांची फळी वेगळी ठेवली.

रविवारी चर्चमध्ये मी मान खाली घालून बसले होते. प्रार्थना संपल्यावर आयली उभी राहिली आणि तिथल्या तिथं सगळ्यांना सांगितलं, की रूडी हुहता चिक्कू नव्हता, मी आजवर सांगत आले ते खोटं होतं. का ते तिनं सांगितलं नाही. ग्लेनचं नावही घेतलं नाही. लोकांनी माना हलवल्या आणि कुणीही काही विचारलं नाही. त्या सवयीचा मला पहिल्यांदाच आधार वाटला.

सोमवारी शेगडी पेटवायची होती. काळी, ठेंगणी, पुढं काच. आयलीनं कोठारातून टोपलीभर बर्चची लाकडं आणून ठेवली होती, रूडीनंच फोडून रचलेली. ती खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, “भर आता. गच्च भर. मला ही एकदा धडधडलेली बघायचीय.”

ग्लेन शेगडीपुढं गुडघ्यांवर बसला होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. नव्या शेगडीचं लोखंड आणि रंग हळूहळू मुरावे लागतात, पहिल्या दिवशी मोठा जाळ चालत नाही. हे वाक्य तो चव्वेचाळीस वर्षं प्रत्येक घरी बोलत आलाय. मी माझ्या बुटांकडं बघायला लागले.

“आयली,” तो म्हणाला, “आज... पहिला जाळ लहान करायचा असतो.”

“लहान म्हणजे किती?”

त्याचे कान लाल झाले होते. शेवटी म्हणाला, “दोनच लाकडं.”

आयलीनं त्याच्याकडं बघितलं. मग तिच्या खांद्यांना हिसका बसला आणि ती हसायला लागली, इतकी हसली की चष्मा काढावा लागला, आणि चष्मा काढल्यावर ती रडत होती. तिनं टोपलीतनं स्वतः दोन लाकडं उचलली आणि ग्लेनच्या हातात दिली. जाळ धरला. अर्ध्या तासात खोलीच्या पार कोपऱ्यापर्यंत ऊब पोचली. आयलीनं वरचा स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि कॉफी ठेवायला गेली. आम्ही तीन कप प्यायलो. निघताना ती म्हणाली, “शनिवारी साऊना तापवणार आहे. या.”

करेन नोव्हेंबरात आली, दोन दिवस बिनबाह्यांच्या सदऱ्यात घरभर हिंडली आणि सामान बांधायचा विषय न काढता परत गेली.

आकड्यांची फळी ग्लेननं त्याच कपाटात, मागच्या फळीआड, नव्या वाशावर बसवून दिली. यंदा ऑक्टोबरात आम्ही धुराडं साफ करायला गेलो. काम झाल्यावर त्यानं कोट बाजूला केले, कपाटाची मागची फळी काढली, वाशावर तळहात टेकवून उभा राहिला. लाकूड कोरं होतं. मग त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि १६ च्या खाली, मधली जागा न सोडता, २४ लिहिलं.

आयली कपाटाच्या दारात उभी होती. ती आता एक्क्याऐंशीची आहे.

“खाली जागा किती उरलीय?” तिनं विचारलं.

ग्लेननं बोटं टेकवून मोजलं. “बारा-तेरा वर्षांची.”

“पुरेल,” आयली म्हणाली. “नाही पुरली तर दुसरी फळी आण.”